खेडची आरण आणि इटलीची पाकोळी

मुंबईच्या बंदरात १९०६ साली इटलीहून बेण्याच्या बटाट्याची जी आवक झाली, तिच्या गोण्यांतून एक लहानशी अळी या देशात उतरली. पांढुरक्या अंगाची, तपकिरी डोक्याची, पूर्ण वाढली तरी करंगळीच्या नखाहून फारशी मोठी न होणारी ही अळी बटाट्याच्या गरात बसून समुद्र ओलांडून आली, आणि बटाट्यातील किडीला बंदरावर अडवील असा कोणताही कायदा सरकारच्या दफ्तरी तोवर नव्हता. टोळधाडीचा इतिहास लिहिला जातो, दुष्काळाचा लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या किडीने खेड, जुन्नर, आंबेगाव या मुलखातील बागायतदारांना पिढ्यान्पिढ्या फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत धास्तीत ठेवले, तिची हकीकत कृषिखात्याच्या पत्रिकांत आणि संशोधकांच्या टिपणांत विखरून पडली आहे. ती एकत्र सांगण्याचे मला अगत्य वाटते, कारण या किडीने केलेली हानी आणि तिच्यावर केलेले इलाज या दोहोंचा उलगडा एकाच ठिकाणी होतो. बटाटा उघडा राहिला की या अळीची पाकोळी, म्हणजे पंख फुटलेला पतंग, येते. तो झाकला गेला की तिचा मार्ग खुंटतो. गेल्या शतकात जे जे इलाज टिकून राहिले, ते बहुतेक सारे झाकण्याचे होते, असे माझे मत झाले आहे, आणि पुढील विवेचन त्या मताच्या पुष्टीसाठीच आहे.

या किडीचे मूळ घर दक्षिण अमेरिका. अँडीज पर्वताच्या ज्या प्रदेशांत बटाट्याची जात माणसाने प्रथम माणसाळवली, त्याच प्रदेशात बटाट्याच्या कुळातील वनस्पतींवर उपजीविका करणारी ही पाकोळीही नांदत होती. बटाटा जगाच्या प्रवासाला निघाला तेव्हा ती त्याच्या मागोमाग निघाली, एवढेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टास्मानियातील शेतकऱ्यांनी तिच्या उपद्रवाची तक्रार केल्याची नोंद आहे. १८७३ साली झेलर नावाच्या जर्मन कीटकतज्ज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्यानंतर थोड्याच अवधीत अल्जीरियातही ती बटाटा पोखरताना आढळली. शास्त्रज्ञ तिला फ्थोरिमिया ऑपरक्युलेला म्हणतात. तंबाखू, वांगे, टोमॅटो ही बटाट्याचीच भाऊबंद असल्यामुळे त्यांच्या पानांवरही ती निर्वाह करते, आणि म्हणून शेतात बटाटा नसला तरी ती नामशेष होत नाही. भूमध्य समुद्राच्या काठी तिने बस्तान बसवल्यावर इटलीच्या बेण्यातून मुंबई इलाख्यात येणे हा केवळ व्यापाराच्या ओघाचा भाग होता.

इटलीहून बेणे आणण्याची गरज तरी का पडावी, हे समजून घेण्यासाठी दख्खनमधील बटाट्याचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. पोर्तुगिजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर आलेला हा कंद घाटावर रुजला तो इंग्रजी अमदानीत. सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत महाबळेश्वर हे हवा खाण्याचे ठिकाण म्हणून वसवले गेले, आणि तेथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी व मलायी कैद्यांनी साहेबलोकांच्या पंगतीसाठी विलायती भाजीपाल्याबरोबर बटाटाही पिकवला. ज्यांना जन्मठेपेवर समुद्रापार आणले होते त्या माणसांच्या हातच्या कसबाचे सह्याद्रीच्या शेतीवर किती ऋण आहे, याचा विचार आपण फारसा करीत नाही, आणि तो करावा असे मला मनापासून वाटते. पुढे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, भीमा, घोड आणि कुकडी यांच्या खोऱ्यांत, बटाटा हे नगदी पीक झाले. वर्षाकाठी दोन पिके निघत: एक पावसाळी, ज्येष्ठ-आषाढात लावून आश्विनाच्या सुमारास काढायचे; दुसरे हिवाळी, कार्तिकात लावून माघ-फाल्गुनात काढायचे. आता अडचण अशी की, पावसाळी पिकाचा बटाटा काढल्यावर काही आठवडे निद्रिस्त असतो, त्याला कोंब फुटत नाही, आणि हिवाळी लावणीची वेळ तर दारात येऊन उभी राहते. ही उणीव बाहेरच्या बेण्याने भरून निघे. इटलीचा पांढरा गोल बटाटा या कामी दख्खनमध्ये चांगलाच प्रतिष्ठा पावला होता. उलट पावसाळी लावणीसाठी लागणारे बेणे हिवाळी पिकातूनच राखून ठेवावे लागे, आणि ते फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, म्हणजे वर्षातील अत्यंत कडक उन्हाळ्यात, जतन करावे लागे. इटलीच्या गोण्यांतून आलेल्या पाकोळीला नेमके हेच तीन-चार महिने वरदान ठरले.

या जतनासाठी खेड-मंचरकडचा शेतकरी जी व्यवस्था करी आणि अजूनही कोठे कोठे करतो, तिला आरण म्हणतात. आंब्याच्या, चिंचेच्या किंवा वडाच्या गर्द सावलीत जमीन झाडून, थोडी खोलगट करून, तिच्यावर पाल्याचा थर द्यायचा. त्यावर निवडलेला बटाटा ओतायचा. आणि वरून उसाचे पाचट किंवा गवत जाड अंथरून ढीग उन्हापासून आणि वाऱ्यापासून राखायचा. चांगली बांधलेली आरण चैत्रातल्या दुपारीही हाताला गार लागते. परंतु तिच्यात हवा खेळती राहावी म्हणून ज्या फटी ठेवाव्या लागतात, त्याच फटींतून सांजवेळी राखाडी-तपकिरी रंगाची, अरुंद पंखांची, जोंधळ्याच्या दोन दाण्यांहून लांब नसलेली पाकोळी आत शिरते आणि बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालते. दिवसा ती दिसत नाही. पाचट हलवले की चारदोन पाकोळ्या भिरभिरत उठतात आणि लगेच दुसऱ्या सांदीत नाहीशा होतात. एकेक मादी शंभराच्या वर अंडी घालते. चार-सहा दिवसांत अळी बाहेर पडते, दोन-तीन आठवडे गर खाते, मग बाहेर येऊन पाचटात, गोणीच्या विणीत किंवा ढिगाच्या तळाच्या मातीत रेशमी कोशात जाते, आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात महिनाभराच्या आत नवी पाकोळी उडू लागते. फाल्गुनात शेतातून दहा-वीस किडके बटाटे आरणीत आले, तर ज्येष्ठाच्या प्रारंभी आरण उघडताना ढिगातून कुबट, आंबूस वास यावा आणि वरचा थर हाताने उचलताच ओला होऊन चेपावा, यात नवल ते काय!

अळी ओळखण्याची रीत जुन्या जाणत्यांना पक्की ठाऊक असे, आणि ती येथे नोंदवून ठेवली पाहिजे, कारण चुकीच्या निदानाने पुष्कळ पैसा वाया गेला आहे. शेतात ती प्रथम पानात असते. पानाच्या वरच्या व खालच्या पापुद्र्यांमधला हिरवा गर खात ती पुढे सरकते, त्यामुळे पानावर फोडासारखे फिकट, पुढे तपकिरी पडणारे डाग उठतात. पान उजेडासमोर धरले तर त्या डागात अळी आणि तिची काळी विष्ठा स्पष्ट दिसते. कधी ती देठातून खोडात उतरते आणि शेंडा मान टाकतो. बटाट्यावरची खूण निराळी आणि अधिक निश्चित आहे. डोळ्यांपाशी बारीक काळसर भुसा साठलेला असतो, रेशमाच्या धाग्याने जागच्या जागी धरलेला. नखाने तो खरवडला की खाली सुईच्या अग्राएवढे छिद्र सापडते. तेथून बटाटा कापला तर सालीलगत, आणि पुढे गरात आडवीतिडवी, कडा काळवंडलेली भुयारे जातात, आणि एखाद्या भुयाराच्या टोकाशी ती फिकट, काहीशी गुलाबी झाक असलेली अळी बसलेली असते. कापलेल्या बटाट्यात कडेला गोल, तपकिरी कडे दिसले आणि दाबल्यावर त्यातून पांढुरका द्रव आला, तर ती बांगडी, म्हणजे जंतूंनी होणारा रोग. आतला मधला भागच काळा पडला असेल तर तो बहुधा उष्म्याचा आणि कोंडलेल्या हवेचा परिणाम. या तिन्ही व्याधी एकाच आरणीत एकाच वेळी नांदू शकतात, आणि अळीने पाडलेल्या छिद्रांतून कुजवणारे जंतू आत शिरतात, म्हणून शेवटी सारे एकच दिसू लागते.

सरकारी पातळीवर या किडीची दखल लवकर घेतली गेली, हे मान्य केले पाहिजे. लॉर्ड कर्झनने १९०५ साली बिहारमधील पुसा येथे, हेन्री फिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या देणगीतून, शेतकी संशोधनाची संस्था स्थापिली होती, आणि तेथील कीटकशास्त्राचा कारभार हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्याकडे होता. भारतातील पिकांच्या किडींवर १९०६ साली त्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या देशातील उपयोजित कीटकशास्त्राचा पायाच होय. साठवणीतल्या किडीवर धुरीचे इलाज त्या काळात मोठ्या आस्थेने अभ्यासले जात होते. बंद कोठीत कार्बन बायसल्फाइडची वाफ सोडून किडीचा नाश करण्याची रीत माहीत होती, पण तो द्रव भडकणारा आणि कोठी हवाबंद लागणारी, त्यामुळे झाडाखालच्या आरणीला तिचा उपयोग होण्यासारखा नव्हता. पुढे लंडनला गेल्यावर, १९२५ साली, कीटकनाशक विषारी वायूंचे प्रयोग करीत असताना स्वतः लेफ्रॉय यांचा त्या वायूने बळी घेतला. त्यांच्या मृत्यूची ही हकीकत वाचताना, विषाने कीड जिंकण्याच्या मार्गावरचे धोके त्या विद्येच्या अग्रणींनाही किती निकटचे होते, हे जाणवल्यावाचून राहत नाही.

पुण्याचे शेतकी महाविद्यालय या कामात पुसाच्या मागे नव्हते. त्याचे प्राचार्य आणि पुढे इलाख्याचे शेतकी संचालक झालेले डॉ. हॅरल्ड मॅन, ज्यांनी पिंपळे सौदागर या गावाची जमीन आणि श्रम यांची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध करून ग्रामीण अर्थशास्त्रात नवा पायंडा पाडला, त्यांनी पश्चिम हिंदुस्थानातील बटाट्याच्या लागवडीचाही आपल्या सहकाऱ्यांसह कसून अभ्यास केला. त्या अभ्यासाचे मोल मला असे वाटते की, त्यात कीड ही एकटी सुटी पाहिलेली नाही. बेणे कोठून येते, कोणत्या भावाने येते, आरणीत किती सडते, बांगडी किती घेते आणि अळी किती, हा सगळा व्यवहार एकत्र तोलला आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रावरील वाहतुकीचा भरवसा उरला नाही तेव्हा परदेशी बेण्यावर विसंबून राहण्याचे धोके सर्वांनाच उमजले, आणि घरचे बेणे उन्हाळ्यात कसे टिकवावे हा प्रश्न प्रयोगशाळेतून थेट शेतकऱ्याच्या पडवीत येऊन पोहोचला. दरम्यान १९१४ साली उपद्रवी कीटक व रोग यांच्या आयातीस पायबंद घालणारा कायदा सरकारने मंजूर केला. पाकोळीच्या बाबतीत त्या कायद्याला आठ वर्षे उशीर झाला होता.

त्या काळच्या तज्ज्ञांनी जो उपाय सर्वांत भरवशाचा ठरवला तो कोरड्या वाळूचा: बटाट्याच्या थरावर बारीक, कोरडी वाळू इंच-दोन इंच पसरली की पाकोळीला डोळ्यांपर्यंत पोहोचता येत नाही, आणि अळी वाळूतून खाली उतरायला असमर्थ ठरते. आमच्या शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नव्हते. मातीची भर नीट लावावी, म्हणजे वरंब्यात वाढणारा एकही बटाटा उघडा पडणार नाही, ही शिकवण बटाट्याच्या शेतीइतकीच जुनी आहे; सालीला ऊन लागले की बटाटा हिरवा पडून कडू होतो, म्हणूनही ती पाळली जात असे. पाकोळी आल्यावर त्या शिकवणीला दुसरा, अधिक कठोर अर्थ आला. काळ्या जमिनीत पाण्याची पाळी लांबली की वरंबा तडकतो, आणि त्या भेगांतून पाकोळी सरळ कंदापर्यंत उतरते. म्हणून काढणीपूर्वीचे पाणी कधी तोडायचे, हा प्रश्न केवळ बटाट्याची साल पक्व होण्याचा राहिला नाही. लावणी उथळ झाली तर पुढे कितीही भर लावा, वरचे कंद उघडे पडायचेच. काढणी झाल्यावर ढीग रात्रभर शेतात तसाच सोडला, तर एका रात्रीत अंडी पडतात. आणि सर्वांत घातक चूक म्हणजे त्या ढिगावर बटाट्याचाच हिरवा पाला झाकणे. पाला वाळू लागला की त्यातल्या अळ्या खाली उतरून थेट बटाट्यात शिरतात. ज्याला आच्छादन समजून पसरले, तेच शत्रूचे शिबंदीसह आगमन ठरते. या चार-पाच पथ्यांसाठी एक पैचा खर्च नाही. तरीही ती पाळणे सोपे नसते, कारण काढणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, गाडी वेळेवर येत नाही, आणि बाजारात भाव पडेल या धास्तीने प्रत्येक जण घाईत असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर पावडरींचे युग आले. पॉल म्युलरने १९३९ साली डीडीटीचे कीटकनाशक गुण शोधले, १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि काही वर्षांतच डीडीटी आणि गॅमॅक्सिन या नावांची आमच्या खेड्यांत वैद्याच्या मात्रेसारखी ख्याती झाली. बेण्याच्या आरणीवर पावडर भुरभुरवली की पाकोळ्या टपाटप पडत, हे डोळ्यांना दिसे, आणि जे डोळ्यांना दिसते त्यावर माणसाचा विश्वास बसतो. बेण्यापुरता हा उपचार क्षम्य होता. पण बेणे आणि खाण्याचा माल एकाच आरणीतून निघत असे, लावून उरलेले बेणे बाजारात जाई, आणि त्या बटाट्याची भाजी कोणाच्या पानात पडली याचा जमाखर्च कोणी ठेवला नाही. दीर्घकाळ मातीत आणि शरीराच्या चरबीत राहणारी ही द्रव्ये शेतीतून काढून टाकण्यास शतकाची अखेर जवळ यावी लागली. गॅमॅक्सिन ज्या बीएचसीपासून बनत असे, त्यावर १९९७ साली बंदी आली. तोवर पाकोळी मात्र होती तेथेच होती, कारण पावडर ढिगाच्या वर पडते आणि अळी बटाट्याच्या आत असते.

याच सुमारास दुसरी एक वाट चोखाळली जात होती, आणि तिच्याविषयी मला विशेष आदर आहे. पाकोळीच्या मूळ देशात तिच्या अंड्यांवर जगणारी एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी आहे, कोपिडोसोमा कोहलेरी नावाची. परदेशी मित्रकीटक आणून त्यांची वाढ करणाऱ्या बंगळुरू येथील जैविक नियंत्रण केंद्रामार्फत ती १९६० नंतरच्या दशकात भारतात आणली गेली आणि पुढे महाराष्ट्राच्या बटाट्याच्या शेतांत सोडली गेली. तिची रीत विलक्षण आहे. पाकोळीच्या अंड्यात ती आपले अंडे घालते. अळी जन्माला येते, खाते, वाढते, आणि तिच्या देहात त्या एका अंड्याची विभागणी होत होत डझनावारी गांधीलमाश्या आकार घेतात. अखेरीस अळीचे नुसते फुगलेले कातडे उरते आणि त्यातून त्या साऱ्या बाहेर पडतात. हवाईहून आणलेली चिलोनस ब्लॅकबर्नी ही दुसरी माशीही याच कामाला लावली गेली, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील जैविक कीड नियंत्रणाच्या प्रयोगशाळेने या मित्रकीटकांची पैदास आणि प्रसार यांवर काम केले. मादी पाकोळीचा गंध १९७० नंतरच्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी ओळखून कृत्रिम रीतीने तयार केला, आणि त्या गंधाने नरांना ओढून घेणारे कामगंध सापळे शेतात व वखारीत टांगले जाऊ लागले. सापळ्यात किती नर पडले यावरून आरण केव्हा उघडून निवडावी याचा अंदाज बांधता येतो. झाकण्याच्या जुन्या रीतीलाही शास्त्राने दुजोरा दिला. घाणेरीचा वाळलेला पाला दोन बोटे जाड पसरला तर साठवणीतला उपद्रव पुष्कळ कमी होतो, असे प्रयोगांत दिसून आले. घाणेरी ही स्वतः अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली आणि मग डोंगर-माळ व्यापून बसलेली वनस्पती. तिचा पाला अमेरिकेच्याच कंदावर अमेरिकेच्याच किडीविरुद्ध पसरावा, आणि तो पसरणारा हात आंबेगावातील कुरवंडीच्या किंवा पेठच्या शेतकऱ्याचा असावा, हा योग विचार करण्यासारखा आहे.

आरणीचे महत्त्व मात्र ओसरू लागले ते निराळ्याच कारणाने. १९४९ साली पाटण्यास स्थापन होऊन नंतर सिमल्यास हललेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने, मावा कमी असलेल्या काळात मैदानी प्रदेशात निरोगी बेणे तयार करण्याची पद्धत बसवली, आणि तिच्यामुळे पंजाब हे साऱ्या देशाचे बेण्याचे कोठार झाले. १९६८ साली प्रसारित झालेल्या कुफरी ज्योती या वाणाने आंबेगावच्या सातगाव पठारावर जम बसवला, आणि जून महिन्यात पंजाबचे बेणे मंचरच्या बाजारात ट्रकांनी उतरणे हा वार्षिक रिवाज होऊन बसला. शीतगृहात दोन ते चार अंश उष्णतेवर ठेवलेल्या बटाट्यात पाकोळीची वाढ होऊच शकत नाही. झाकण्याच्या उपायांतील हा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत पूर्ण उपाय म्हणता येईल. ज्यांना शीतगृहाचे भाडे परवडते, किंवा ज्यांचा माल वेफर्सच्या कारखान्यांशी आधीच ठरलेला असतो, त्यांना आरण लावण्याचे कारण उरले नाही. तरी भाव वधारेल या आशेने फाल्गुनात काढलेला बटाटा झाडाखाली राखणारे शेतकरी अजून आहेत, आणि त्यांच्या पाचटातून पाकोळ्या अजून उठतात.

पाकोळीच्या आगमनाला एक शतक उलटले आणि २००६ साली तिची एक सख्खी भगिनी दक्षिण अमेरिकेतून निघून स्पेनमध्ये प्रकट झाली. टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणारी ही नागअळी, टुटा ॲब्सोल्युटा, भूमध्य समुद्राचा तोच जुना काठ धरून पूर्वेकडे सरकत आली, आणि भारतात तिची पहिली नोंद झाली ती २०१४ च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या परिसरातील टोमॅटोवर. पानाच्या दोन पापुद्र्यांमधील तोच फिकट फोड, त्यात तीच काळी विष्ठा. जाणत्या बटाटा-शेतकऱ्याला हे लक्षण ओळखीचे वाटावे इतके साम्य. तज्ज्ञांनी अलीकडे या दोघींना एकाच प्रजातिगणात आणून ठेवले आहे. बटाट्याच्या पानांवरही या नागअळीची उपजीविका होते, आणि ज्या तालुक्यांत आरणी बांधल्या जात, त्याच तालुक्यांत आज टोमॅटो उभा आहे. कामगंध सापळे, अळी लागलेली पाने-फळे वेचून खोल पुरणे, रोपवाटिकेला बारीक जाळी लावून रोपे झाकून घेणे, हे इलाज तिच्यासाठी नारायणगाव-जुन्नरच्या टोमॅटो-बागायतदारांना सांगितले जात आहेत.